शोकनायकाच्या तोंडचं वाक्य कसं बनतं?

सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी ‘नटसम्राट’ नाटकातला एक बेलवलकर असतोच. आमच्याकडे यंदा तो सातवीत होता. आजोबांची शाल, पावडर फासून पांढरे केलेले केस, हातात छत्री (काठी ऐनवेळी सापडली नाही). माईक दोनदा शिट्टी मारून गप्प झाला आणि पोरगं थरथरत्या आवाजात म्हणालं, ‘कुणी घर देता का घर?’ टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दोन आज्यांनी डोळ्यांना पदर लावला.

पाठांतर चोख होतं, शब्दफेकही वयाच्या मानानं उत्तम. तरी मला काहीतरी खटकत राहिलं. घरी येऊन चहा टाकताना लक्षात आलं. पोरगं त्या वाक्यावर रडत होतं आणि ते वाक्य रडण्याचं नाहीच, ते आरोळीचं वाक्य आहे. ‘भांडी घेता का भांडी’, ‘केळी घ्या केळी’ ही चाल डोळे मिटून आठवा. वस्तू, क्रियापद, पुन्हा तीच वस्तू. गल्लीत टोपली घेऊन फिरणाऱ्या माणसाची ही चाल आहे आणि ती एका नामवंत नटाच्या तोंडी आली आहे. फेरीवाला निदान काहीतरी विकतो. हा त्याच चालीवर मागतो आहे. काळीज हलतं ते या अदलाबदलीनं. आवाज कापला नाही तरी हलतं.

एकांकिका, एकपात्री, कथा किंवा नुसतं हौसेखातर एखादं स्वगत लिहिणाऱ्या पुष्कळांना शोकनायकासारखं बोलणारं पात्र हवं असतं. मग आधी काय निघतं? शब्दांचं गाठोडं. नियती, काळोख, चिता, राख, वादळ, वेदना. पाठोपाठ उद्गारचिन्हं, आणि जागा उरली तर तीन तीन टिंबं. अशा लेखनातलं कुठलंही वाक्य उचलून कुठल्याही पात्राला देता येतं. राजा, मास्तर, दारुडा, विधवा, सगळ्यांचे कपडे एकाच शिंप्याकडे शिवलेले. हल्ली मोबाईलमधल्या एआयला ‘नटसम्राटासारखं स्वगत लिहून दे’ म्हटलं तर तोही हेच गाठोडं सोडतो. त्याला तरी का बोल लावायचा? इतकी वर्षं आपणच हे लिहून ठेवलंय.

शेजारच्या खोलीत कोण बोलतंय हे आपल्याला शब्द नीट ऐकू न येताही कळतं. वाक्य कुठे चढतं, कुठे अडतं, कुठे संपतं यावरून माणूस ओळखू येतो. शैलीची नक्कल करायची म्हणजे ही चाल पकडायची. चाल सापडली की शब्द अगदी घरगुती असले तरी चालतात. चाल नसेल तर ‘नियती’ला कितीही हाका मारा, ती येत नाही.

आता ज्याची नक्कल सर्वांत जास्त होते त्याच पात्राकडे जरा जवळून पाहू. वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ 23 डिसेंबर 1970 रोजी रंगभूमीवर आलं. निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आणि कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. या नाटकाला 1974 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रंगभूमीवरून निवृत्त झालेला मोठा नट आपलं होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकतो, मुलाकडे राहतो, मग मुलीकडे आणि शेवटी रस्त्यावर येतो. मागे शेक्सपिअरच्या लिअर राजाची सावली आहे. हे ठाऊक असूनही आपण नकलेत काय उचलतो, तर शाल आणि थरथर.

त्या घराच्या स्वगतात तो स्वतःला ‘तुफान’ म्हणतो. शब्द मोठा आहे, नाटकी आहे, एरवी कुणी स्वतःबद्दल वापरणार नाही. पण हे तुफान करतं काय? ते ‘हिंडतंय’, ‘धुंडतंय’. ‘हिंडत आहे’ असं नाही, ‘भ्रमण करीत आहे’ असं तर नाहीच. नाम सिंहासनावर आणि क्रियापद ओट्यावर. दोन मजल्यांवरची भाषा एकाच वाक्यात आणून ठेवलेली. मग येते ‘वाचून’ची रांग. भिंतीवाचून, छपरावाचून, मग माणसाच्या मायेवाचून, मग देवाच्या दयेवाचून. आधी हाताला लागणाऱ्या वस्तू गेल्या आहेत, नंतर हाताला न लागणाऱ्या. क्रम उलटा करून मोठ्यानं म्हणून पाहा. देवाच्या दयेवाचून, मायेवाचून, छपरावाचून, भिंतीवाचून. शब्द तेच, पण वाक्य आता घरभाड्याच्या तक्रारीसारखं वाटतं. आणि एवढं चढून गेल्यावर या तुफानाला हवं आहे काय, तर जिथून कुणी उठवणार नाही अशी जागा. हे वाक्य एसटी स्टँडच्या बाकड्यावर झोपणाऱ्या कुणाचंही असू शकतं.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. शोकनायकाची भाषा नुसती उंच नसते. उंचावरून घरंगळत येऊन ती एखाद्या क्षुल्लक वस्तूशी थांबते. उंची सगळे उचलतात, घरंगळणं राहून जातं.

ही युक्ती शिरवाडकरांनी शोधली असंही नाही. लिअरकडेच पाहा. पहिल्या प्रवेशात तो राजा आहे आणि हुकूम सोडतो, तो नकाशा इकडे द्या. राज्य वाटायला बसलाय ना. तिसऱ्या अंकात मुलींनी घराबाहेर काढल्यावर तो वादळात उभा आहे, तरी तोंडी आज्ञार्थच. वाऱ्यांनो, वाहा, गाल फुटेपर्यंत फुंका. राज्य गेलं तरी क्रियापदांची सवय गेलेली नाही! आणि अगदी शेवटी, मेलेल्या धाकट्या मुलीशेजारी, कॉर्डेलियाशेजारी, तो ‘कधीच नाही’ या अर्थाचा एकच शब्द ओळीनं पाच वेळा म्हणतो आणि लगेच शेजारच्या माणसाला विनवतो, ही गुंडी सोडता का जरा. वर त्याचे आभारही मानतो. नकाशा द्या म्हणणारा माणूस गुंडी सोडता का म्हणण्यापर्यंत येतो. एवढ्या प्रवासात अख्खं नाटक आहे आणि तो क्रियापदांच्या रूपांवरूनही वाचता येतो. आज्ञार्थ सुटतो आणि विनंती येते. कुणी मला विचारलं की शोकांतिकेतल्या भाषेची सर्वांत लहान खूण कोणती, तर मी ती गुंडी दाखवीन.

आता पुढचा प्रश्न. पात्राला मोठे शब्द वापरण्याचा अधिकार येतो कुठून?

बेलवलकरांना तो धंद्यानं मिळाला आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोलून बोलून ती जिभेवर मुरलीत, म्हणून स्वतःचं दुःख सांगायला गेले की तीच वाक्यं आधी पुढे होतात. ऐकणाऱ्याला, आणि कधीकधी त्यांना स्वतःलाही, कळेनासं होतं की माणूस बोलतोय की भूमिका. नाटकाच्या शेवटी शेवटी ते आपल्या गाजलेल्या भूमिकांची नावं एकापाठोपाठ घेत घेत स्वतःच्या नावापाशी येतात, वडिलांच्या नावासकट, शाळेच्या हजेरीपटात असतं तसं. तेही घरंगळणंच. म्हणजे ही भाषा त्यांना लेखकानं शोभेसाठी दिलेली नाही, तो त्यांचा व्यवसायजन्य आजार आहे म्हणा हवं तर. तीच भाषा तुम्ही निवृत्त बँक कॅशियरच्या तोंडी घातलीत की लोक हसतील, आणि हसलेच पाहिजेत.

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला सुधाकर वकील आहे. (गडकरी 1919 च्या जानेवारीत गेले आणि नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर, त्याच वर्षी. गंधर्व नाटक मंडळीच्या त्या प्रयोगात सुधाकर होते गणपतराव बोडस आणि त्याची बायको सिंधू झाले होते बालगंधर्व.) गडकऱ्यांचं वाक्य पल्लेदार. एक बाजू मांडली की तिच्या तोलाची दुसरी, मध्ये अनुप्रासांचा वर्षाव. आज ते वाचताना आपल्याला धाप लागते. पण सुधाकरच्या तोंडी ते चपखल बसतं, कारण तो दारूबद्दलही वकिलासारखाच बोलतो. आपल्या मित्राला, रामलालला, तो दारूच्या पायऱ्या उलगडून सांगतो तेव्हा आरोपीही तोच आणि त्याचा खटला चालवणाराही तोच. त्याचा संसार पार कोसळलाय, युक्तिवाद मात्र जसाच्या तसा उभा आहे. बेलवलकरांची भाषा घरंगळते, सुधाकरची घरंगळत नाही. घरंगळतो तो माणूस, आणि भाषा वरून बघत राहते. दोन्ही प्रकार शोकांतिकेचेच. आपलं पात्र यातल्या कुठल्या जातीचं आहे हे लिहायच्या आधीच ठरवावं लागतं. अर्ध्यात ठरवायला गेलं की खिचडी होते.

तिसरी एक जात आहे, आणि मला व्यक्तिशः तीच सर्वांत अवघड वाटते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली लीला बेणारे. नाटक 1967 चं, दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं आणि बेणारे सुलभा देशपांडे. तेंडुलकरांची माणसं पुरती वाक्यं बोलतच नाहीत. अर्धं बोलतात, दुसरा मध्येच तोडतो, विषय निसटतो. अभिरूप न्यायालयाचा खेळ म्हणून सुरू झालेलं प्रकरण बेणारेच्या गळ्याशी येतं. शेवटी न्यायाधीश होऊन बसलेला माणूस घड्याळ पुढे करून तिला बोलायला वेळ देतो. किती, तर दहा सेकंद. आणि मग बाकी सगळे गोठतात आणि ती लांबलचक बोलते. रंगमंचावरच्या एकालाही ते ऐकू गेलेलं नाही. इथे दुःखाला उंच शब्दांची गरजच पडत नाही. दोन अंक तुकड्या-तुकड्यांत बोलणारी बाई एकदम सलग बोलायला लागली हाच धक्का आहे. तिचं स्वगत सुटं काढून शाळेच्या स्पर्धेत म्हटलं जातं तेव्हा निम्मं मरतं, कारण त्याच्या आधीची तुटकी वाक्यं बरोबर येत नाहीत. शैली कधीकधी वाक्यात नसतेच. ती आधीच्या वाक्यांच्या शेजारी असते.

यावरून ऐकणाऱ्याचा प्रश्न निघतो. स्वगत म्हणजे स्वतःशी बोलणं असं शाळेत शिकवतात, पण चांगल्या नाटकात निव्वळ स्वतःशी बोलणारा माणूस विरळा. बेलवलकर बायकोला ‘सरकार’ म्हणतात. थट्टा, लाड आणि थोडी शरणागती, सगळं त्या एका हाकेत. ती गेल्यावर हाक तशीच राहते, फक्त पलीकडे कुणी नसतं. लिअर वाऱ्याशी बोलतो. सुधाकरला रामलाल लागतो. नक्कल करणारे हमखास ऐकणाऱ्याला विसरतात आणि मग पात्र हवेत भाषण ठोकतं. तुमचं पात्र कुणाला उद्देशून बोलतंय, त्याला कुठल्या नावानं हाक मारतंय, ‘अहो’ म्हणतंय की ‘अरे’ की ‘बाबा रे’, हे ठरलं की अर्धी वाक्यं आपोआप सुधारतात. मराठीत तर हे आणखीच सोपं आहे. तू आणि तुम्ही यांच्यामधल्या खिंडीत केवढी नाटकं घडून गेली आहेत! जन्मभर ‘तू’ म्हटलेल्या मुलाला बाप एके दिवशी ‘तुम्ही’ म्हणाला की वेगळं वादळ आणायची गरज उरत नाही.

मराठी वाक्याच्या घडणीत आणखी एक सोय दडलेली आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ते येईपर्यंत ऐकणारा टांगलेला असतो. ‘मी त्याला काल सकाळी त्याच्या घरी जाऊन’, इथे थांबा. मारलं? पैसे दिले? माफी मागितली? पल्लेदार वाक्याचा सगळा ताण या टांगण्यावर उभा आहे. त्याच्या उलट, बोलताना आपण क्रियापदानंतरही काहीतरी टाकतो. ‘आला बघ तुझा बाप.’ ‘संपलं सगळं दूध.’ ‘देता का घर.’ क्रियापदानंतर येणारा शब्द एक तर आठवून जोडलेला असतो, नाहीतर जिव्हारी लागलेला. शोकनायक या दोन्ही सोयी वापरतो. मोठं वाक्य क्रियापदापर्यंत ताणतो आणि लगेच पुढचं तीन शब्दांत टाकून देतो. लिहून झालं की नुसती क्रियापदं अधोरेखित करून बघा. सगळी ‘आहे’, ‘होतं’, ‘झालं’ अशी निघाली तर समजा पात्र काही करतच नाहीये, नुसतं आपल्या अवस्थेचं वर्णन करतंय. दुःखी माणूस अवस्थेचं वर्णन क्वचित करतो. तो किल्ल्या शोधतो, चहात दोनदा साखर घालतो, पोस्टमननं असं केलं, दूधवाल्यानं तसं केलं, असलं सांगत बसतो.

टिंबांबद्दलही एकदा बोलून घेतो, कारण त्यांचा सुळसुळाट झालाय. नट विराम घेतो तो वाक्याच्या आत जागा असते म्हणून. लेखकानं जागा ठेवली नसेल तर टिंबं टाकून ती होत नाही. जागा करायचा जुना आणि पक्का उपाय म्हणजे विषय बदलणं. पात्र एका दिशेनं निघतं, नको त्या शब्दाशी पोचतं आणि वळून भलतंच काही बोलतं. ते वळण म्हणजेच विराम.

कायद्याचं काय, असा प्रश्न लेखनवर्गात हमखास येतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची 60 वर्षं त्याच्या साहित्याचा स्वामित्वहक्क चालतो. शिरवाडकर 1999 मध्ये गेले, म्हणजे 2059 संपेपर्यंत त्यांची वाक्यं परवानगीशिवाय आपल्या संहितेत वापरायची नाहीत. गडकऱ्यांचं लेखन केव्हाच खुलं झालंय. चालीवर मात्र कुणाचाच हक्क नसतो. ‘घर देता का घर’ची मूळ चाल तरी कुणाची? गल्लीतल्या टोपलीवाल्याची.

आता हात घालूनच बघू. मी एक पात्र घेतलं. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलेले. कंडक्टर एवढ्यासाठी घेतला की त्याच्या धंद्याची भाषा आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. डबल बेल, सुट्टे द्या, पुढं सरका. धंद्यात आज्ञार्थही भरपूर. लिअरसारखाच हा माणूस आयुष्यभर हुकूम सोडत आलाय, फरक एवढाच की याच्या राज्याला चाकं होती. पहिला खर्डा मी मुद्दाम गाठोडं सोडून लिहिला.

‘हे नियती! ज्या हातांनी मी लाखो प्रवाशांना त्यांच्या मुक्कामी पोचवलं, तेच हात आज रिकामे आहेत! कुठे गेले ते प्रवासी? कुठे गेल्या त्या वाटा? आज मी असा एक थांबा आहे, जिथे कुठलीच गाडी थांबत नाही!’

शेवटच्या वाक्याला टाळी पडेल हे मला माहीत आहे. एखाद्या सूर्योदयाच्या चित्रावर छापून ते सकाळी साडेसहाला सहा गटांतून फिरेलही. तरी ते खोटं आहे, कारण कंडक्टर असं बोलत नाही. असं बोलतो तो कंडक्टरविषयी कविता करणारा माणूस. ‘प्रवासी’ हा शब्दसुद्धा पाटीवरचा. गाडीत तो ‘पॅसेंजर’ म्हणतो, नाहीतर ‘शिटा’. ‘मुक्कामी पोचवलं’ हेही त्याचं नाही, पोचवतो ड्रायव्हर. कंडक्टर काय करतो? तिकीट फाडतो आणि जागा करतो. ‘जागा करतो’पाशी मी अडलो. हेच ते क्रियापद. जन्मभर दुसऱ्यांना जागा करून देणारा माणूस आता स्वतः जागा अडवून बसलाय असं घरातल्यांना वाटतं, किंवा वाटतं असं त्याला वाटतं.

मग ऐकणारा शोधला. नातू नको, फोटो नको, दोन्ही घासून गुळगुळीत झालेत. इमारतीतली लिफ्ट घेतली. दार उघडं राहिलं की ती यंत्राच्या आवाजात ‘कृपया दरवाजा बंद करा’ म्हणते. म्हणजे इथे आधीच एक कंडक्टर आहे, आणि तो बिनमाणसाचा आहे! हे म्हातारबुवा दारातच उभे आहेत, आत शेजारची एक बाई आहे, भाजीची पिशवी घेऊन.

‘सात माणसांची गाडी म्हणून लिवलंय बघा हितं. आन् आपण दोघं. चौतीस वर्षं जागा केली बाई मी. पन्नासच्या गाडीत ऐंशी बसवली. मांडीवर पोरगं, पोराच्या मांडीवर कोंबडी. पुढं सरका म्हटलं की गाडी लांबायची. पत्र्याची गाडी, पण लांबायची. घर मात्र नाही लांबत. तीन खोल्या, चार माणसं, आणि सूनबाई म्हणती... नाही, काही म्हणत नाही ती. मी आलो की बाजूला सरकती. कितवा मजला तुमचा?’

पहिल्यापेक्षा बरं आहे. बोली अहिल्यानगर-सोलापूरकडची धरली आहे. ती शेवटपर्यंत सारखी राहायला हवी, एका ओळीत ‘लिवलंय’ आणि दुसरीत ‘लिहिलेलं आहे’ असं झालं की पात्र गाडीतून पडलंच. उंची आहे ती ‘पत्र्याची गाडी, पण लांबायची’ इथे. त्याच्या मते तो चमत्कार करत होता आणि ते खरंही आहे. घरंगळणं आहे ते ‘सरकती’ या शब्दात. ज्या क्रियापदावर त्याची सत्ता होती तेच आता सून न बोलता त्याच्यावर चालवते. वळण आहे ते ‘कितवा मजला’पाशी. रडणं कुठेच नाही, नटाला वाटलं तर तो आणील. आपण त्याच्या तोंडात कोंबायचं नाही.

तरी या खर्ड्यात एक वाक्य जादा आहे. दोन दिवस ते मला फार आवडत होतं, हीच त्याची खूण. ‘घर मात्र नाही लांबत.’ इथे पात्र थांबून लेखकाचं काम करू लागतं, प्रेक्षकाला अर्थ हातात देतं. गाडी आणि घर यांची तुलना प्रेक्षकानं मनात करायची होती, मी ती फलकावर लिहून दिली. बेलवलकरांना असं वाक्य शोभलं असतं, ते नट आहेत, टाळी कुठे येते ते त्यांना ठाऊक असतं. कंडक्टरला नाही शोभत. तेवढं काढलं. ‘म्हणती’ पुढची तीन टिंबंही काढली, कारण ‘नाही, काही म्हणत नाही ती’ यात विराम आपसूक आहे.

मग मोठ्यानं वाचलं. माझा एक नियम आहे. स्वगत तीनदा मोठ्यानं वाचायचं. एकदा सरळ, एकदा भाजीवाल्याशी घासाघीस केल्याच्या सुरात आणि एकदा अगदी पुटपुटत. तिन्ही सुरांत तग धरलं तर ते राहतं. फक्त थरथरत्या आवाजातच चांगलं वाटत असेल तर फाडून टाकायचं. घासाघीस करताना ‘चौतीस वर्षं जागा केली बाई मी’ हे एकदम जिवंत झालं. त्यात तक्रार होती आणि जरासा माजही. माज महत्त्वाचा. ज्याला आपल्या कामाचा कधी माज नव्हता त्याच्या पडण्याचं कुणाला काय? पुटपुटताना मात्र कोंबडीचं वाक्य जड गेलं, हसू येईना आणि दुःखही होईना. तरी ते ठेवलं. लोक हसत असतानाच पुढचं वाक्य आत गेलं पाहिजे, आणि हसण्यासाठी कोंबडी लागते.

आता असं उरलंय:

‘सात माणसांची गाडी म्हणून लिवलंय बघा हितं. आन् आपण दोघं. चौतीस वर्षं जागा केली बाई मी. पन्नासच्या गाडीत ऐंशी बसवली. मांडीवर पोरगं, पोराच्या मांडीवर कोंबडी. पुढं सरका म्हटलं की गाडी लांबायची. पत्र्याची गाडी, पण लांबायची. आता तीन खोल्या, चार माणसं, आन् सूनबाई म्हणती, नाही, काही म्हणत नाही ती. मी आलो की बाजूला सरकती. कितवा मजला तुमचा?’

खाली कंसात रंगसूचना लिहिली आहे: बाईंचा मजला केव्हाच येऊन गेलेला आहे.